रविवारी उठली, मंगळवारी उठलीच नव्हती: एका कांदा-बातमीची चिरफाड

रविवार, १८ फेब्रुवारी २०२४. दिवेलागणीला आतेभावाचा फोन आला. तो निफाड तालुक्यात कांदा करतो आणि लासलगावच्या बाजार समितीत विकतो. त्या दिवशी ख्यालीखुशाली वगैरे काही नाही, थेट मुद्द्यावर. "दादा, कांद्याची निर्यातबंदी उठली म्हणे. टीव्हीवर चाललंय. तू पेपरात होता ना, बघ बरं खरं आहे का. उद्या गाडी भरायची का थांबायचं?"

फोन कानाला धरूनच मी लॅपटॉप उघडला. एका ठिकाणी बातमी होती, दुसरीकडे होती, तिसरीकडेही होती. इंग्रजीत होती, मराठीत होती. मी म्हणालो, "हो रे, सगळीकडे आलंय."

सगळीकडे आलं होतं, हे खरंच. बंदी मात्र उठलेली नव्हती. मंगळवारी केंद्र सरकारने तसं स्पष्ट सांगितलं. आयुष्यातली बरीच वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढलेल्या माणसाने "सगळीकडे आलंय" आणि "झालंय" यांत गल्लत केली, तीसुद्धा ज्याच्या गाडीचा सवाल होता त्या माणसाशी बोलताना. तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यात घर करून आहे. पुढे वाचक मंडळींसमोर बोलायची वेळ आली की मी हीच बातमी घेऊन बसतो. ती दोन दिवसांत जन्मली आणि मेली, तिचा बाजारावर काय परिणाम झाला ते आकड्यात नोंदलेलं आहे, आणि तिच्यात कोणाला खलनायक ठरवायची सोय नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. माध्यमांचा पक्षपात म्हटलं की आपल्याकडे लगेच पाकीट आठवतं, मालकाचे धंदे आठवतात, अमुक वाहिनी तमुक पक्षाची वगैरे. ते सगळं असतंच. पण त्या रविवारच्या बातमीला पाकिटाची गरजच नव्हती. ती छापणाऱ्या बहुतेकांना ती खरी वाटत होती, आणि खरी असावी असंही वाटत होतं.

आधी काय घडलं होतं

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने देशभर ओढ दिली. शंभराहून अधिक वर्षांतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. कांदा महागणार हे दिल्लीत ओळखलं गेलं आणि १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. ऑक्टोबरच्या शेवटी अट आली की टनाला ८०० डॉलरच्या खाली कांदा बाहेर पाठवायचा नाही. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने दारच लावलं: ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यात बंद. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला, शरद पवार स्वतः तिथे आले. बंदीआधी तीन हजारांच्या वर असलेला क्विंटलचा भाव फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेराशेच्या आत घसरला होता.

शहरातल्या वाचकाला इथे एक गोष्ट सांगावी लागते, कारण बातमीत ती जवळपास कधीच येत नाही. कांदा हे एक पीक नाही. उन्हाळ कांदा रब्बीचा, मार्च-एप्रिलपासून निघतो, कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने टिकतो. देशाचा बहुतांश कांदा हाच. खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा मात्र टिकत नाही. काढला की विकायचा, नाहीतर कोंब फुटलेला बघत बसायचं. डिसेंबरची बंदी नेमकी या न टिकणाऱ्या कांद्यावर आली. त्यामुळे "शेतकरी माल अडवून धरतात", "साठेबाजी" असले शब्द जानेवारी-फेब्रुवारीच्या बातमीत दिसले तर समजावं की लिहिणाऱ्याने कांदा फक्त पिशवीत पाहिलाय.

आतेभाऊ म्हणूनच घायकुतीला आला होता. त्याचा माल रांगडा होता आणि थांबण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. बंदी उठली असेल तर सकाळीच गाडी लावायची, नसेल तर चार दिवस कशीबशी कळ काढायची, एवढाच त्याचा हिशेब.

बातमीत काय होतं, काय नव्हतं

शब्द इकडचे तिकडे, पण साचा सगळीकडे तोच होता. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या अध्यक्षतेखालील मंत्र्यांच्या समितीने कांदा निर्यातीला मंजुरी दिली. तीन लाख टन कांदा बाहेर जाणार. शिवाय बांगलादेशला ५० हजार टन. वर "मोठी बातमी" आणि "शेतकऱ्यांना दिलासा". खाली जिल्ह्यातल्या सत्ताधारी गोटातून आलेल्या आभाराच्या प्रतिक्रिया.

मी नंतर या बातम्या शांतपणे पुन्हा वाचल्या. पहिल्यांदा खटकलं ते क्रियापद. "उठवली." भूतकाळ, काम फत्ते. पण आत चौथ्या-पाचव्या परिच्छेदात गेलं की "सूत्रांनी सांगितलं", "लवकरच आदेश निघेल" अशी वाक्यं. म्हणजे मथळ्यात झालेली गोष्ट मजकुरात अजून व्हायची होती. डेस्कवर हे रोज घडतं, आणि मी स्वतः किती वेळा केलंय याचा हिशेब नाही. "उठवण्याची शक्यता" हे दोन शब्द मथळ्यात बसत नाहीत, दोन कॉलममध्ये तर नाहीच नाही. "उठवली" बसतो. आणि "शक्यता" असलेल्या मथळ्याने पेपर खपत नाही, हेही डेस्कवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

दुसरं, कागद नव्हता. निर्यातबंदी कोणाच्या बोलण्याने लागत नाही आणि कोणाच्या बोलण्याने उठत नाही. विदेश व्यापार (विकास व विनियमन) कायदा, १९९२ खाली विदेश व्यापार महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीएफटी म्हणतात, ते अधिसूचना काढतं. तिला क्रमांक असतो, तारीख असते, ती राजपत्रात येते. समितीने मंजुरी दिली, मंत्र्याने होकार दिला, पंतप्रधानांनी मान डोलावली, तरी हा कागद निघेपर्यंत न्हावा-शेवाच्या बंदरात कस्टमचा अधिकारी कांद्याचा एक कंटेनर सोडणार नाही. त्याला टीव्हीची पट्टी दाखवून उपयोग नाही. डिसेंबरच्या बंदीच्या बातम्यांत अधिसूचनेचा उल्लेख होता. फेब्रुवारीत बंदी "उठल्या"च्या बातम्यांत नव्हता. ही उणीव समोर होती, आणि मी ती पाहिली नाही.

तिसरं, आभार. हा प्रकार मला सगळ्यांत चलाख वाटतो, जरी त्यामागे कोणी बसून कट रचलेला नसला तरी. एका नेत्याने आभार मानले की बातमीत एक माणूस नावानिशी आला. नाव आलं की सूत्रांचा पोकळपणा झाकला जातो. वाचक म्हणतो, अमुक साहेबांनी सांगितलं म्हणजे असणार. पण आभार मानणारा माणूस निर्णय घेणारा नव्हता. निर्णय झाल्याचं त्यानेही ऐकलेलंच होतं, किंवा तो व्हावा म्हणून त्याने बैठकीत जोर लावलेला होता. लोकसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. नाशिक, दिंडोरी, नगर, शिरूर या पट्ट्यात कांद्यावर काय बोलायचं हा सत्ताधारी उमेदवारांपुढचा खरा प्रश्न होता. अशा वेळी बातमी आपल्या सोयीची असली की तिची शहानिशा करायला कोणी धावत नाही, ना नेता, ना त्याच्याशी रोज बोलणारा तालुक्याचा बातमीदार.

आणि चौथं म्हणजे ते "सगळीकडे". माझी चूक इथली. मी बातमी देणारे मोजले, बातमीचे उगम मोजले नाहीत. दहा ठिकाणची बातमी उलटून पाहिली तर समिती तीच, तीन लाखांचा आकडा तोच, सूत्रं तीच, बऱ्याच ठिकाणी वाक्यांचा क्रमसुद्धा तोच. एकाने सांगितलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने भाषांतर केलं. गावात एकाच विहिरीचं पाणी दहा घरांत गेलं म्हणून दहा विहिरी होत नाहीत, हे आतेभावाला सांगायची गरज पडली नसती.

सोमवारचा बाजार

शनिवारी, १७ फेब्रुवारीला, लासलगावला कांद्याचा सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये होता. सोमवारी, १९ फेब्रुवारीला, तो १,८०० रुपये झाला. ५२० रुपयांची वाढ, टक्क्यांत चाळीसच्या थोडी वर. दोन दिवसांत ना पेरा कमी झाला होता, ना पाऊस पडला होता, ना एक कंटेनर बाहेर गेला होता. फक्त बातमी आली होती.

बाजार समितीच्या भावात तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. भाव चढल्याची सनसनाटी करायची असली की बातमीदार कमाल उचलतो, रडगाणं गायचं असलं की किमान. दोन्ही आकडे खरे असतात. कमाल भाव दिवसभरात एखाद्या-दुसऱ्या निवडक गाडीला मिळालेला असू शकतो. म्हणून मी इथे सर्वसाधारण भाव घेतलाय, आणि वाचकानेही तोच मागावा.

आतेभावाने माझ्या भरवशावर गाडी भरली. पिकअपमध्ये पंधरा-वीस क्विंटल बसतात. वीस धरले तर शनिवारच्या आणि सोमवारच्या भावात १०,४०० रुपयांचा फरक. दुपारी विक्रीची पावती हातात पडल्यावर त्याचा मेसेज आला: "दादा, तुझ्या तोंडात साखर." चुकीची बातमी, चुकीची खात्री, आणि माणसाचा फायदा. हे प्रकरण मी लोकांना सांगतो तेव्हा इथे हमखास कोणीतरी म्हणतं, मग बिघडलं काय?

बिघडलं ते दुसऱ्यांचं. त्याच्याच शिवारातला एक जण बातमी ऐकून थांबला. बंदी उठलीय तर भाव अजून चढेल, घाई कशाला, असा त्याचा विचार, आणि बातमी खरी असती तर तो शहाणा ठरला असता. ज्याने शनिवारीच माल काढला त्याने कपाळावर हात मारून घेतला. १,८०० ने घेतलेला व्यापारी मंगळवारी त्या मालाकडे बघत बसला. बातमी चुकते तेव्हा तिची किंमत कोणीतरी मोजतंच, फक्त ती कोण मोजणार हे गाडी कोणत्या दिवशी लागली यावर ठरतं. आणि मंगळवारचा खुलासा सोमवारी आला असता तर यातलं बरंच टळलं असतं.

मंगळवारचा खुलासा

२० फेब्रुवारीला केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याचे सचिव रोहित कुमार सिंह यांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, ती लागू आहे आणि स्थितीत काहीही बदल नाही. देशात ग्राहकांना रास्त भावात पुरेसा कांदा मिळावा याला सरकारचं प्राधान्य आहे, असंही ते म्हणाले.

हा खुलासाही बातमी म्हणून वाचण्यासारखा आहे. बोललं कोण? ग्राहक व्यवहार खातं. कृषी खातं नव्हे, वाणिज्य खातं नव्हे. कांद्यावर शेवटचा शब्द कोणत्या दारातून येतो हे त्यातून कळतं, आणि दिल्लीतल्या बातमीदाराला कांद्याची बातमी कोणाकडून मिळते तेही कळतं. त्याचा रोजचा राबता जिथे आहे तिथलीच भाषा त्याच्या लिखाणात उतरते. "रास्त भाव" म्हणजे तिथे खाणाऱ्याला रास्त. पिकवणाऱ्याला रास्त म्हणजे किती, हा प्रश्न त्या पत्रकार कक्षात विचारायचा कोणी?

रविवारी ठळक आलेली बातमी आणि बुधवारी आलेला तिचा खुलासा यांची जागा शेजारी ठेवून बघा, असं मी वाचकांना सुचवतो. आपली चूक दुरुस्त करणारी ओळ सहसा आतल्या पानावर, "केंद्राचा यू-टर्न" अशा मथळ्याखाली येते. यू-टर्न! जणू सरकारने रविवारी बंदी उठवली आणि मंगळवारी पुन्हा लावली. सरकारने वळण घेतलंच नव्हतं, कारण कागद हललाच नव्हता. वळली होती ती बातमी. पण तसं लिहिलं तर चूक स्वतःच्या अंगावर येते. शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचा राग या मथळ्याने अचूक पकडला आणि फसवणुकीतला आपला वाटा तेवढ्याच अचूकपणे वगळला.

आता गुंता असा की रविवारची बातमी सपशेल खोटीही नव्हती. २२ फेब्रुवारीला सरकारने बांगलादेश, मॉरिशस, बहरीन आणि भूतान या चार देशांना मिळून ५४,७६० टन कांदा पाठवायला परवानगी देत असल्याचं सांगितलं. त्यात बांगलादेशचे ५० हजार टन. म्हणजे बातमीतला एक आकडा खरा निघाला. बैठकीत काहीतरी शिजलं होतं, ते अर्धकच्चं असताना पातेल्यातून काढून वाढलं गेलं. तीन लाखांचं पुढे काय झालं, याचा पाठपुरावा कितीशा बातम्यांनी केला?

किलो आणि क्विंटल

लासलगावच्या त्या सोमवारच्या भावाचं शहरात काय झालं, हे या प्रकरणातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं दृश्य आहे.

१,२८० चे १,८०० झाले हे वाक्य निफाडमध्ये वाचलं तर अर्थ होतो: तेराशेच्या आत गेलेला भाव जरा सावरला. बंदीआधीच्या भावाजवळही नाही, पण सावरला. "कांदा ४० टक्क्यांनी कडाडला" हे वाक्य मुंबईत वाचलं तर अर्थ होतो: आला पुन्हा महागाईचा फेरा. आणि तोच फरक किलोत सांगितला तर १२ रुपये ८० पैशांचे १८ रुपये, म्हणजे पाच रुपये वीस पैसे. तिन्ही वाक्यं खरी. आकडा एकच. कोणतं एकक निवडलं, टक्का घेतला की रुपया, तुलना कालशी केली की डिसेंबरशी, एवढ्यावर बातमी कोणाच्या बाजूची हे ठरून जातं, आणि विशेषण एकही वापरावं लागत नाही.

मी हे स्वतः केलंय. आमच्या पेपरच्या दोन आवृत्त्या एकाच डेस्कवरून निघायच्या. कांद्याचा भाव वाढला की शहराच्या आवृत्तीत "कांदा रडवणार" आणि जिल्ह्याच्या आवृत्तीत "कांद्याला झळाळी". मजकूर तोच, एजन्सीची कॉपी तीच. मथळा लावणारा माणूसही तोच, हातात चहाचा कप घेतलेला. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. वाचक ज्याचा, मथळा त्याचा, असं आमचे वरिष्ठ म्हणायचे. हे धोरण धंद्याला धरून आहे, आणि दोन्ही वाचक आपापल्या जागी खूश असतात. फक्त शहरातल्या वाचकाला झळाळी कधी दिसत नाही आणि गावातल्याला रडणं कधी कळत नाही. दोघांचं भांडण व्हायची वेळ आली की प्रत्येकाच्या हातात आपापलं कात्रण असतं, आणि दोन्ही कात्रणं आमचीच!

मराठीत तर शब्दांनीच बाजू घेतलेली आहे. भाव वाढला की तो भडकतो, कडाडतो, गगनाला भिडतो. पडला की कोसळतो. वर जाणं ही आग आणि खाली येणं ही दरड. "महागाई" हा शब्द रोजचा; तिच्या उलट "स्वस्ताई"ने होरपळलेला माणूस ही कल्पनाच भाषेला विचित्र वाटते, जरी लासलगावच्या आवारात ती दर दोन वर्षांनी दिसत असली तरी.

दिल्लीतल्या बातमीदाराचं वेड कुठून आलं, तेही सांगायला हवं. १९८० च्या प्रचारात इंदिरा गांधींनी कांद्याचे भाव गाजवले. १९९८ मध्ये दिल्ली राज्याचं सरकार गेलं, ते कांद्याने पाडलं अशी आख्यायिका झाली. तेव्हापासून किरकोळ बाजारात कांदा चाळीसच्या वर गेला की वाहिन्यांचे कॅमेरे भाजी मंडईत पोचतात आणि पिशवी घेतलेल्या गृहिणीला विचारतात, बजेट कोलमडलं का? २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार ०.६४ टक्के होता, शंभरातला एकसुद्धा नाही. इतक्या छोट्या वस्तूला इतका मोठा कॅमेरा मिळण्यामागे स्वयंपाकघर कमी आणि १९९८ ची आठवण जास्त आहे.

या जुन्या सवयीचा नमुना म्हणून ४ डिसेंबर २०१९ चा लोकसभेतला प्रसंग बघण्यासारखा आहे. सुप्रिया सुळे यांनी कांदा उत्पादकांचा प्रश्न मांडला होता. अर्थमंत्री निर्मला सीतारामन उत्तर देत असताना मध्येच एका सदस्याने विचारलं, तुम्ही कांदा खाता का? त्या म्हणाल्या, मी फारसा कांदा-लसूण खात नाही. देशभर फिरली ती एवढीच चित्रफीत. विरोधकांना संताप व्यक्त करायला मिळाला, समर्थकांना "वाक्य तोडलं" म्हणायला मिळालं. दोघेही आपापल्या परीने बरोबर. मूळ प्रश्न पिकवणाऱ्याचा होता, तो मात्र कोणाच्याच चित्रफितीत नव्हता. बातमी खाण्याची झाली.

आणि पिकवणारा व खाणारा या दोघांच्या मध्ये जे आहे, तिथे कॅमेरा जातच नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले ६४ कुठे, कोणाकडे, कशासाठी जातात, त्यातली हमाली किती, गाडीभाडं किती, सडलेला माल किती, नफा किती? ही बातमी करायला चार दिवस लागतात. गृहिणीचा बाइट चार मिनिटांत मिळतो.

एप्रिलमध्ये पुन्हा तेच

२२ मार्चला बंदीला पुढच्या आदेशापर्यंत मुदतवाढ मिळाली. मग २५ एप्रिलला गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी निघाली आणि महाराष्ट्र भडकला. भडकायला कारण होतं. आमचा कांदा अडकवून ठेवायचा आणि तिकडचा पांढरा सोडायचा, हे निवडणुकीच्या ऐन रंगात कोणाला रुचेल? पण मराठी बातम्यांनी इथे जो सूर लावला तोही तपासायला हवा. "गुजरात" हा शब्द मथळ्यात सहा इंची आणि "२,००० टन" आतल्या ओळीत. दोन हजार टन म्हणजे किती, हे कळायला शेजारी दुसरा आकडा लागतो: दोनच महिन्यांपूर्वी एकट्या बांगलादेशला ५० हजार टन मंजूर झाले होते. हा आकडा शेजारी ठेवला असता तर राग कदाचित ओसरला नसता, पण त्याचं माप बरोबर राहिलं असतं. आपल्या बाजूची बातमी वाचताना आपण माप मागत नाही. मीही मागितलं नाही. त्या दिवशी मी तावातावाने दोन ठिकाणी ती बातमी पुढे पाठवली.

२७ एप्रिलला केंद्राचं पत्रक आलं: सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यातीला परवानगी. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका. झालं, वाहिन्यांवर पुन्हा "मोठी बातमी", पुन्हा "निर्यातबंदी उठवली", पुन्हा आभार.

या वेळी आतेभावाने फोन केला तेव्हा त्याचा प्रश्न बदललेला होता. "दादा, हे नवीन आहे का जुनंच?"

आम्ही दोघं फोनवर बेरीज करत बसलो. बांगलादेशचे ५० हजार फेब्रुवारीतलेच. भूतान, बहरीन आणि मॉरिशस मिळून पावणेपाच हजारांच्या घरात, तेही फेब्रुवारीतलेच. अमिरातींना १ मार्चला १४,४००, मग एप्रिलमध्ये दहा-दहा हजार दोनदा. श्रीलंकेला दहा हजार, तेही एप्रिलच्या मध्यातले. बेरीज ९९ हजारांच्या पुढे, पत्रकातल्या आकड्याला येऊन भिडली. नवं काहीच नव्हतं. आधी तुकड्या-तुकड्यांनी दिलेल्या परवानग्यांची ती मोळी होती. गुजरातच्या पांढऱ्या कांद्यावरून पेटलेल्या वादानंतर दोन दिवसांनी बांधलेली.

पत्रकात एकही आकडा खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. "परवानगी दिली" हेही खरं, कधी दिली तेवढं ठळक नव्हतं. अशा पत्रकात लिहिणाऱ्याचा हेतू कळतो आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. सरकारी पत्रक सरकारची बाजू मांडणारच. तक्रार आहे ती पत्रक जसंच्या तसं उचलून वर "उठवली" लिहिणाऱ्या डेस्कबद्दल. ज्या बातम्या त्यांनीच दीड-दोन महिन्यांत छापल्या होत्या, त्यांची बेरीज करायला कॅल्क्युलेटर आणि पाच मिनिटं पुरली असती. काहींनी ती केली आणि संध्याकाळपर्यंत तसं सांगितलंही, हे नोंदवायला हवं. निफाडच्या आवारात बसलेल्या एका माणसाने तर ती फोनवर केली.

४ मे

४ मे २०२४, शनिवार. या वेळी फोनच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद आला. डीजीएफटीची अधिसूचना, वर क्रमांक, खाली सही. आतेभावाने कुठून मिळवली कोण जाणे. निर्यातबंदी खरोखर उठली होती. टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के निर्यात शुल्क, या दोन अटींवर.

मथळे या वेळी बरोबर होते. "निर्यातबंदी उठली", भूतकाळ, कागदासकट. मी त्याला तसं म्हणालो.

"ते बघितलं मी," तो म्हणाला. "पण ५५० वर ४० टक्के धरले तर किलोला किती पडतंय ते सांग."

५५० वर ४० टक्के म्हणजे २२०. एकूण ७७० डॉलर. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने टनाला ६४ हजार रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोला ६४. यापेक्षा कमी भावात कांदा देशाबाहेर जाऊ शकत नव्हता.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे कोणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता.

"आणि पाकिस्तानचा कांदा दुबईत काय भावाने पडतो, ते कोणी छापलंय का?" त्याने विचारलं.

मी चार-पाच बातम्या चाळल्या. माझ्यासमोरच्या एकाही बातमीत ते नव्हतं.